पाच कोटींची पर्स आणि सात जणांची साखळी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालते. दोन टीम आहेत. दोघींच्या पर्समध्ये सारखेच पाच कोटी रुपये. दोघींनी त्यातले जवळजवळ निम्मे पैसे एकाच खेळाडूवर लावले. मॅचेस सुरू झाल्या आणि तीन महिन्यांनी संपल्या. एक टीम चॅम्पियन झाली आणि दुसरी बारा टीममध्ये बारावी आली. असं का झालं?

हा काही ॲप्टिट्यूड टेस्टमधला प्रश्न नाही, खरी घडलेली गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या स्टार चढाईपटूला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. लीगमधली तोपर्यंतची ती सर्वांत मोठी बोली. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो आहे डावा कॉर्नर, म्हणजे बचावपटू. पुढे पवन नेहमीसारखाच खेळला, चढायांमध्ये त्याने दोनशेवर गुण घेतले. पण त्याची टीम २२ पैकी फक्त २ मॅच जिंकली. पलटणने २२ पैकी १७ जिंकल्या आणि १ मार्च २०२४ ला फायनलमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. गंमत म्हणजे ती फायनल झाली हैदराबादला, टायटन्सच्याच घरी!

आता कोणी म्हणेल, सोपं आहे, चढाईपटूपेक्षा बचावपटू घेणं फायद्याचं. नाही, इतकं सोपं नाहीये ते. खरं उत्तर उरलेल्या निम्म्या पैशांत आहे, आणि त्याहीपेक्षा त्या आधीच्या दोन-तीन वर्षांत आहे. तेच या लेखात समजावून सांगायचा प्रयत्न करते.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे पी.टी.च्या तासाला थ्रोबॉल आणि बास्केटबॉल. ‘लोण’, ‘पट काढणे’, ‘निदानरेषा’ हे शब्द मी इथे होस्टेलला आल्यावर अंबड, परतूर, घनसावंगीकडच्या मुलींकडून शिकले. त्यामुळे ज्यांना कबड्डी लहानपणापासून येते त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा. पण होस्टेलमध्ये माझ्यासारखेही बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं बेसिक.

आधी बेसिक

मैदानावर प्रत्येक टीमचे सात जण. चढाई करणारा एकटा समोरच्या अर्ध्यात जातो, त्याच्याकडे ३० सेकंद असतात. समोर सात जण अर्धवर्तुळात उभे. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, म्हणजे डावा आणि उजवा कॉर्नर. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, म्हणजे कव्हर, आणि उरलेल्या जागांवर आपलेच चढाईपटू. साधारणपणे दोन कॉर्नर आणि दोन कव्हर मिळून चौघांची जी फळी होते तीच बचावाचा कणा. चढाईपटू कोणाला शिवून परत आला तर शिवलेला बाहेर आणि त्यांना गुण. चढाईपटूला धरला तर तो बाहेर आणि आपल्याला गुण, शिवाय आपला बाहेर बसलेला एक खेळाडू आत येतो. म्हणजे एका पकडीत तीन फायदे. आणि आपल्याकडे तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेले असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण. सगळे बाहेर गेले की लोण.

आता पकड होते कशी ते नीट बघा. समजा चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे आला. कॉर्नरने खाली वाकून त्याचा घोटा धरला. टीव्हीवर आपल्याला हा घोटा धरणाराच दिसतो, कॅमेरा त्याच्यावर, स्कोअरबोर्डवर गुण त्याच्या नावावर, मांडीवर थाप मारणाराही तोच. पण ऐंशी किलोचा माणूस एका घोट्यावर थांबत नाही हो! तो पुढे झेप घेतो आणि मध्यरेषेला हात लावतो. त्याला त्याच क्षणी छातीवर, कमरेवर अडवणारा जो असतो तो कव्हर. तो अर्धा सेकंद लवकर आला तर चढाईपटू त्यालाच शिवून निघून जातो, आणि अर्धा सेकंद उशिरा आला तर मध्यरेषा गाठलेली असते. त्यात घोटा धरणाराही गेला, मदतीला आलेलाही गेला. एका चुकीत दोघं-तिघं बाहेर.

म्हणून कबड्डीची बचावफळी ही चार चांगल्या खेळाडूंची बेरीज नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर ती सीरीज सर्किट आहे. एक जोड सैल, की दिवा बंद.

गणित करून बघू

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतेय. समजा कॉर्नर दहापैकी आठ वेळा बरोबर धरतो आणि कव्हर दहापैकी आठ वेळा वेळेवर पोचतो. दोन्ही गोष्टी एकदम घडायला हव्यात, म्हणून ०.८ × ०.८ = ०.६४. म्हणजे शंभरात चौसष्ट पकडी यशस्वी.

आता कॉर्नर बदला. जगातला बेस्ट आणा, ०.९५ चा. पण त्याच्या शेजारी नवखा कव्हर, ज्याला या कॉर्नरची सवयच नाही, तो ०.६ चा. गुणाकार येतो ०.५७. म्हणजे स्टार आणूनही फळी आधीपेक्षा कच्ची झाली! आणि दोघं ०.९ चे असतील तर ०.८१. दोघांपैकी कोणीही ‘जगातला बेस्ट’ नाही, पण जोडी सगळ्यांत भारी.

प्रश्न असा की कव्हरचा ०.६ चा ०.९ कसा होतो? तो काही जिममध्ये होत नाही. तो होतो त्याच कॉर्नरच्या शेजारी शेकडो वेळा उभं राहून. खांद्याची हालचाल बघून कळायला लागतं की हा आता झेपावणार. लॅबमध्ये आपल्या पार्टनरने न बोलता पुढचं रीडिंग घ्यायला सुरुवात करावी ना, तसंच. ही गोष्ट लिलावात मिळत नाही, कारण ती एका माणसात नसतेच. ती दोघांच्या मध्ये असते.

मुंबईची तुटलेली साखळी

याचा पुरावा लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतच मिळाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा अनूप कुमारची यू मुंबा ही सगळ्यांत दादा टीम. पहिल्या तिन्ही हंगामांत फायनल, आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला हरवून विजेतेपद. लोक अनूपच्या शांतपणाबद्दल आणि बोनसबद्दल बोलायचे, पण त्याच्यामागे एक फळी होती. डाव्या कॉर्नरला सुरेंदर नाडा, उजव्या कॉर्नरला मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि आपला मुंबईकर विशाल माने. समोरचे चढाईपटू दोन्ही कोपरे टाळायचे आणि मध्ये गेले की जीवाच्या हातात सापडायचे.

२०१६ च्या लिलावात ही साखळी तुटली. मोहित छिल्लरला बंगळुरूने ५३ लाखांना घेतलं, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. नाडाही बंगळुरूला गेला. आता निकाल बघा. चौथ्या हंगामात यू मुंबा पहिल्यांदाच उपांत्य फेरीबाहेर राहिली. हे अपेक्षितच. पण ज्यांनी लीगमधली सर्वांत नावाजलेली कॉर्नरची जोडी उचलून नेली ते बंगळुरू बुल्ससुद्धा उपांत्य फेरीत नव्हते! साखळीच्या दोन कड्या काढून नेल्या की जिथून काढल्या तिथलीही साखळी जाते, आणि जिथे नेल्या तिथे आपोआप नवीन तयार होत नाही.

अमेरिकेतले पाच निनावी

हाच प्रश्न अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलमध्ये, फार वर्षांपासून चघळला जातो. तिथे ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ नावाची पाच जणांची रांग असते. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. सेंटरने बॉल मागे दिला की झालं, एरवी हे पाच जण बॉलला जवळजवळ हातच लावत नाहीत. त्यांचं काम एकच. समोरून येणाऱ्या धिप्पाड माणसांना अडवायचं, म्हणजे मागचा क्वार्टरबॅक बॉल फेकू शकेल आणि बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट मिळेल. टीव्हीवर यांचं नाव बहुतेक तेव्हाच ऐकू येतं जेव्हा यांची चूक होते. आपल्या कव्हरचे चुलतभाऊच म्हणा ना!

तिथे नवीन खेळाडूंचा लिलाव होत नाही, ‘ड्राफ्ट’ होतो. कॉलेजमधून येणाऱ्या मुलांची निवड, आणि आदल्या वर्षी ज्या टीमची कामगिरी सर्वांत वाईट त्यांना पहिली संधी. सात फेऱ्या चालतात. पहिल्या फेरीतली निवड म्हणजे सोन्याचं नाणं. ते नाणं रांगेतल्या निनावी माणसावर खर्च करायचं म्हटलं की टीमचे चाहते चिडतात.

डॅलस काउबॉइज ही तिथली फार लोकप्रिय टीम. २०११, २०१२, २०१३ अशी तीन वर्षं त्यांचा हिशोब सारखाच, आठ जिंकल्या, आठ हरल्या. आपल्याकडे कोणी सलग तीन सेमिस्टर काठावर पास व्हावं तसं! पण या काळात त्यांनी शांतपणे एक काम केलं. २०११ मध्ये पहिल्या फेरीत टायरन स्मिथ हा टॅकल घेतला. २०१३ मध्ये पहिल्याच फेरीत ट्रॅव्हिस फ्रेडरिक हा सेंटर घेतला, तेव्हा बरेच जण हसले. २०१४ मध्ये त्यांचा नंबर सोळावा होता आणि जॉनी मॅन्झेल हा कॉलेजमधला सुपरस्टार क्वार्टरबॅक अजून शिल्लक होता. काउबॉइजनी त्याला सोडलं आणि झॅक मार्टिन नावाचा गार्ड घेतला. मॅन्झेलला पुढे क्लीव्हलँडने बाविसाव्या क्रमांकावर घेतलं. दोन हंगामांत त्याची त्या लीगमधली कारकीर्द संपली. मार्टिन २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत डॅलससाठीच खेळला.

२०१४ मध्ये काउबॉइज १६ पैकी १२ जिंकले. बॉल घेऊन पळणारा डीमार्को मरे त्या वर्षी १८४५ यार्ड धावला, लीगमध्ये पहिला. आता पुढचं फार इंटरेस्टिंग आहे. मरे दुसऱ्या टीमकडे, फिलाडेल्फियाला गेला आणि पुढच्या वर्षी तो धावला फक्त ७०२ यार्ड. इकडे डॅलसने २०१६ मध्ये इझिकिएल इलियट हा अगदी नवा मुलगा त्याच रांगेच्या मागे उभा केला, आणि तो १६३१ यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला. पळणारा बदलला, रांग तीच. श्रेय कोणाचं, ते तुम्हीच ठरवा. अर्थात त्या रांगेने डॅलसला त्यांचा मोठा करंडक, सुपर बोल, मिळवून दिला नाही. रांग म्हणजे जादू नव्हे. पण आठ विजयांवर अडकलेली टीम तिच्यामुळेच पुढे सरकली.

पलटणने काय केलं?

आता परत पुण्याला येऊ. पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. मग थोडे बरे दिवस आले, पण २०१९ मध्ये परत बारा टीममध्ये दहावी. तोपर्यंत त्यांची पद्धत इतरांसारखीच होती. दर लिलावात काहीतरी मोठं नाव घ्यायचं आणि त्याच्याभोवती उरलेल्या पैशांत माणसं भरायची.

नंतर त्यांनी रस्ता बदलला. लीगच्या नियमात ‘न्यू यंग प्लेअर’ नावाची एक सोय आहे. अजून नाव न झालेल्या तरुण मुलांना टीम लिलावाच्या बाहेरून, ट्रायल घेऊन, कमी पैशांत करारबद्ध करू शकते आणि पुढच्या हंगामांसाठी आपल्याकडे ठेवूही शकते. कबड्डीतला ड्राफ्ट म्हणाल तर हाच. पलटणने या सोयीचा मनापासून वापर केला. २०२१-२२ चा आठवा हंगाम कोविडमुळे सगळाच्या सगळा बंगळुरूच्या एका हॉटेलमध्ये, प्रेक्षकांशिवाय झाला. अनूप कुमार तेव्हा पलटणचा कोच. टीममध्ये राहुल चौधरी, नितीन तोमर ही मोठी नावं होती. पण हंगाम संपला तेव्हा लोकांच्या तोंडी नावं होती अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. अस्लम नगर जिल्ह्यातला, तोपर्यंत फारसा कोणाला माहीत नसलेला मुलगा. पंकज मोहितेने २०१९ मध्ये पलटणकडूनच पदार्पण केलं होतं. बचावात अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत ही कव्हरची जोडी तयार होत होती, उजव्या कॉर्नरला गौरव खत्री.

नवव्या हंगामात कोच म्हणून बी. सी. रमेश आले, ज्यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला जिंकवलं होतं. डाव्या कॉर्नरला अनुभवी माणूस हवा होता म्हणून इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना आणलं. डिसेंबर २०२२ मध्ये टीम पहिल्यांदा फायनलला पोचली आणि जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ ने हरली.

इथे बहुतेक टीम काय करतात? सगळी मोडतोड करतात. पलटणने मुलांना हातही लावला नाही. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे, अबिनेश, संकेत, गौरव, सगळे तिथेच. फझलला जाऊ दिलं आणि त्या एकाच जागेसाठी, डाव्या कॉर्नरसाठी, २ कोटी ३५ लाख मोजून तेवीस वर्षांचा शादलुई आणला.

कोड्याचं उत्तर इथे आहे. पाच कोटींतून २ कोटी ३५ लाख गेले की उरतात २ कोटी ६५ लाख. टायटन्सकडे पवननंतर उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार. फरक फक्त साडेपंचवीस लाखांचा. पण एका टीमच्या उरलेल्या जागा दोन-तीन वर्षं एकत्र घाम गाळलेल्या, कमी पैशांत टिकवलेल्या मुलांनी भरलेल्या होत्या. दुसरीला त्याच पैशांत बाकीची टीम उभी करायची होती. एकाने भोक मोजून तेवढंच बूच विकत घेतलं. दुसऱ्याने बूच विकत घेतलं आणि मग त्याला बाटली शोधली.

शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण घेतले, लीगमध्ये सर्वांत जास्त. तो आक्रमक आहे, चढाईपटूच्या अंगावर स्वतःहून जातो, कधी कधी फसतोही. त्याचा धोका परवडला कारण त्याच्या शेजारचे शांत होते आणि जागा सोडत नव्हते. आपल्या जालन्यात हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. एमआयडीसीत टीएमटी सळई बनते तेव्हा लालभडक सळईवर पाण्याचा मारा करून बाहेरचा थर झटकन कडक करतात, आतला गाभा मात्र मऊ आणि चिवट राहतो. सगळीच सळई कडक केली तर ती वाकवताना तडकेल, सगळीच मऊ ठेवली तर लोड घेणार नाही. पलटणकडे चिवट गाभा आधी तयार होता, म्हणून वरचा कडक थर उपयोगी पडला.

आणि हो, त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण ठरला? दोन कोटींवरचा कोणीही नाही. अस्लम इनामदार.

पुढच्या वर्षीची दोन उत्तरं

इथेच थांबले तर गोष्ट फार गोड होईल, पण पुढे काय झालं तेही सांगायलाच हवं. २०२४ च्या लिलावात शादलुईला हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना नेलं. हरियाणाकडेही जयदीप दहियासारखे स्वतःच वाढवलेले तरुण बचावपटू होते, आणि शादलुई त्यांच्यात जाऊन बसला. त्यांनी अकरावा हंगाम जिंकला, डिसेंबर २०२४ मध्ये, आणि तोही पुण्यात! म्हणजे रेसिपी तीच, स्वयंपाकघर फक्त बदललं. पलटणमध्ये अस्लम जखमी झाला, डाव्या कॉर्नरची जागा तशी भरली गेली नाही, आणि गतविजेते प्ले-ऑफच्या बाहेर राहिले.

मग मुलांवर विसंबायची पद्धत चुकीची होती का? मला तसं वाटत नाही. कारण २०२५ मध्ये, शादलुई नसताना, नवा कोच अजय ठाकूरच्या हाताखाली पलटण परत फायनलला पोचली. दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ ने हरवलं, पण चार वर्षांत तीन फायनल झाल्या. मोठ्या नावांच्या मागे धावणाऱ्या किती टीमना हे जमलं? घडवलेली टीम एखाद्या वर्षी खाली येते, पण ती परत वर येते. विकत आणलेल्या टीमला दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग आपलं काय?

आता तुम्ही म्हणाल, कोटींच्या गोष्टी आपल्याला कशाला? इथे तर मेसचं बिल भरायची मारामार! पण मित्रांनो, आपल्या कॉलेजच्या ट्रायल एकदा आठवून बघा. मुलांच्या असोत की मुलींच्या, प्रत्येकाला चढाई करून दाखवायची असते. बघणारेही टाळ्या चढाईलाच वाजवतात, लिस्ट बनते तीही कोण किती गुण आणतो यावर. मग निवडले जातात सात चढाईपटू आणि इंटर-कॉलेजच्या आदल्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर ठरतं की ‘उद्या कॉर्नरला तू उभा राहा रे.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या हाफमध्येच दोन लोण, आणि परतीच्या एसटीत चर्चा काय, तर आपला चढाईपटू फॉर्मात नव्हता!

मेकॅनिकलचा एक मुलगा आहे, गावाकडच्या मातीत कॉर्नरला खेळलेला. त्याला विचारलं, ट्रायलला का येत नाहीस? तो म्हणाला, ‘पकडायला समोर चांगला रेडरच नसतो, मग मी काय दाखवणार? आणि एकटा कॉर्नर काय करेल, शेजारी रोज नवीन माणूस.’ मी वर जे दोन पानं समजावून सांगतेय ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. असे किती जण आपल्या होस्टेलमध्ये नुसते झोपून असतील देव जाणे.

आपल्याकडे पर्स नाही, लिलाव नाही, कोणी कोणाला विकतही घेणार नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे प्रो कबड्डीच्या कुठल्याही टीमपेक्षा जास्त आहे, ती म्हणजे चार वर्षं! फर्स्ट इयरला आलेला मुलगा किंवा मुलगी चार वर्षं इथेच राहते, त्याच होस्टेलमध्ये, त्याच ग्राउंडवर. पलटणला जे करार करून मिळवावं लागलं ते आपल्याला ॲडमिशनबरोबर फुकट मिळतं आणि आपण ते दर वर्षी वाया घालवतो.

म्हणून क्रीडा विभागाच्या सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, आणि सीनियर्सना पण. या वर्षीच्या ट्रायलला आधी दोन कॉर्नर आणि दोन कव्हर निवडा, चढाईपटू नंतर. त्या चौघांत निदान दोघं फर्स्ट किंवा सेकंड इयरचे घ्या, म्हणजे फायनल इयरवाले पास आउट झाले तरी अर्धी साखळी शिल्लक राहील. चौघांना ट्रायलमध्ये एकटं-एकटं बघू नका, जोडीने उभं करा आणि सगळ्यांत चांगला चढाईपटू त्यांच्यावर सोडा. सराव रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन संध्याकाळी, पण जोड्या बदलू नका. आणि पहिल्या वर्षी हरलो तर लगेच चौघांना काढू नका. पलटणला पहिल्या फायनलच्या आधी आणि नंतरही वाट बघावी लागली होती.

अजून एक छोटी गोष्ट, जी करायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या मॅचला ग्राउंडवर आलात की पकड झाल्यावर घोटा धरणाऱ्याचं नाव तर ओराडाच, पण त्याच्याबरोबर वेळेवर पोचलेल्या कव्हरचंही नाव ओरडा. नाव माहीत नसेल तर शेजारच्याला विचारा. तो कुठल्या ना कुठल्या रूममध्ये आपल्याच विंगमध्ये राहत असणार.